नावाचा रकाना

आल्टेनरोडे, जर्मनी
१२ जानेवारी २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

दिवाळीला मी इथल्या नागरिकत्वासाठी अर्ज करणार असं सांगितलं, तेव्हापासून तुम्ही फोनवर आलेला नाहीत. आई फोन तुमच्याकडे वळवते, मला तुमची पाठ दिसते, मग बाल्कनीचं दार दिसतं. म्हणून हे पत्र. छत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत तुम्ही समोर आलेला एकही कागद उत्तराशिवाय ठेवला नाहीत. मुलीचाही ठेवणार नाही, असं धरून चालते.

मी बरी आहे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात काम तेच, शहराच्या पाइपांचा दाब बघणं. बाहेर उणे सहा आहे आणि माझ्या खिडक्या सताड उघड्या आहेत. रोज दोनदा खिडक्या उघडून हवा बदलायची, असं भाडेकरारातच लिहिलंय. पहिल्या वर्षी मला वाटलं, चुकून छापलं असेल. मग भिंतीला बुरशी आली आणि घरमालकाने कराराचं ते पान अंडरलाइन करून पाठवलं.

इथे येऊन सहावं वर्ष चालू आहे, तरी रोज एखादी गोष्ट नव्याने कळते. गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका बाईंना मी एक दिवस आधी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून. सगळ्यांनी हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघितलं. आधी शुभेच्छा दिल्या तर अपशकुन होतो म्हणे. त्या बाई दिवसभर जिने सांभाळून उतरत होत्या. शिवाय ज्याचा वाढदिवस, त्यानेच केक आणायचा. माझ्या पहिल्या वर्षी मी संध्याकाळपर्यंत वाट बघत बसले होते आणि ते सगळेही वाट बघत बसले होते.

एकदा साहेबांनी घरी जेवायला बोलावलं, ‘हाल्ब आख्ट’ला. हाल्ब म्हणजे अर्धा, आख्ट म्हणजे आठ. मी साडेआठला पोचले. ते साडेसात होते. आठाकडे जायला अर्धा तास उरलाय, असा त्याचा हिशेब. सूप गार झालं होतं, पण सगळ्यांनी ते हसून संपवलं. ते जास्त वाईट. आकडे मात्र मला पहिल्या दिवसापासून जमले. एकवीसला ते ‘एक आणि वीस’ म्हणतात, आपल्यासारखंच. क्लासमधला इंग्रज मुलगा यावरून रडकुंडीला आला होता.

आता काम. अर्जाला जन्मदाखला लागतो. तो तुमच्या लोखंडी कपाटात आहे, एवढं आई सांगते. किल्ली तुमच्याकडे आहे, हेही सांगते. भारत दोन पासपोर्ट ठेवू देत नाही आणि मला आपला परत करावा लागेल, हे तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं. रागवा. पण दाखला पाठवा.

आईला सा. न. तिला म्हणावं, मी टोपी घालते.

तुमची,
अक्षया


मयूर विहार, दिल्ली
३ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षयास,
अनेक आशीर्वाद.

तुझे १२ जानेवारीचे पत्र ३० जानेवारीस पोचले. अठरा दिवस. वेगाबद्दल दोन्ही देशांनी एकमेकांस दोष द्यायला जागा आहे.

प्रथम भाषा. ‘अंडरलाइन करून’ असे लिहू नये, ‘अधोरेखित करून’ लिहावे. तू दिल्लीत वाढलीस, ही सबब सहावीपर्यंत चालली.

खिडक्यांचा नियम वाचून आम्हीही एक दिवस दोन्ही खोल्यांच्या खिडक्या दहा मिनिटे उघडल्या. इथे खिडकी उघडली की हवा बाहेर जात नाही, आत येते. तुझी आई दोन दिवस खोकली. प्रयोग बंद केला आहे.

जेवणाच्या वेळेसंबंधी. आपण साडेसात म्हणतो तेव्हा सात वाजून गेलेले असतात. ते म्हणतात तेव्हा आठ यायचे असतात. दोन्ही पद्धती सुसंगत आहेत. दिल्लीत साडेसात म्हटले तर पाहुणे नऊला येतात, आणि ती पद्धतही सर्वांना माहीत असल्यामुळे कोणाचे सूप गार होत नाही.

मुख्य विषय. माझे मत बदललेले नाही. ज्या राजमुद्रेखाली मी छत्तीस वर्षे सह्या केल्या, ती छापलेले पुस्तक माझी मुलगी खिडकीवर परत देणार, हे मला समजते पण मान्य होत नाही. यावर फोनवर बोललो असतो तर आवाज चढला असता. डॉक्टरांनी तो चढवू नये असे सांगितले आहे. बाल्कनीत जाण्याचे कारण तेवढेच.

आता दाखला. कपाट उघडले. दाखला आहे. त्यात तुझी जन्मतारीख, वेळ, माझे व तुझ्या आईचे नाव, आर. के. पुरमच्या क्वार्टरचा पत्ता, सर्व बरोबर आहे. बालकाच्या नावाचा रकाना मात्र कोरा आहे.

ही चूक माझी आहे. तुझ्या आईला ‘अबोली’ हवे होते, मला ‘अक्षया’. फॉर्मची मुदत एकवीस दिवसांची होती आणि आमचा वाद अधिक चालला. मी रकाना रिकामा ठेवून ‘नाव नंतर कळवू’ असे लिहून दिले. बारशाला तुझी आई माझ्या बाजूने झाली, ‘ही पोरगी अबोली कुठून असणार’ असे म्हणाली. मी कळवायचे विसरलो. पुढे शाळेने आमच्या शब्दावर नाव घातले, पासपोर्टाला शाळेचा दाखला चालला, आणि एकतीस वर्षे कोणी विचारले नाही.

इतरांच्या फाइलींवर मी ‘अपूर्ण, परत’ असा शेरा मारत असे, आणि स्वतःच्या मुलीचा कागद अपूर्ण ठेवला. तुझ्या अर्जाला माझा विरोध आहे. कोऱ्या रकान्यालाही आहे. दुसरा आधी दुरुस्त करतो.

तुझा,
बाबा


आल्टेनरोडे
२ मार्च २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी ट्राममध्ये वाचलं आणि ‘ही पोरगी अबोली कुठून असणार’ला मोठ्याने हसले. ट्राममध्ये इथे मोठ्याने हसत नाहीत. समोरच्या आजोबांनी माझ्याकडे बघितलं, मग पुढच्या स्टॉपला उठून लांब जाऊन बसले. अधोरेखित करून सांगते, पत्र फार आवडलं.

तुम्ही तुमची चूक लिहिलीत. आता माझी लिहिते. गेली दीड वर्षं आईलासुद्धा सांगितलेली नाही.

जुलै २०२३ मध्ये तुमची बायपास झाली. मी बाराव्या दिवशी पोचले, तोवर तुम्ही घरी आला होतात. मी सांगितलं, ऑफिसने सुट्टी दिली नाही. तुम्ही म्हणालात, नोकरी आधी, बरोबर केलंस. ते खोटं होतं. साहेबांनी त्याच दिवशी जा म्हटलं होतं.

माझं राहण्याचं कार्ड संपलं होतं. नवीन करायला टाकलं होतं आणि हातात नुसता एक कागद होता. त्या कागदावर इथे राहता येत होतं, पण देशाबाहेर गेले तर परत येता येईल असं कोणी लिहून देईना. परत आले नाही तर नोकरी, घर, सगळंच. परदेशी लोकांची कार्डं देणाऱ्या ऑफिसात खिडकीवरच्या माणसाने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. विमान त्या रात्रीही होतं. मी निघू शकले असते, बाबा. मी निघाले नाही. हे ऑफिसने नाही केलं, मी केलं.

त्या रविवारी दुपारी मी घरात नुसत्या येरझारा घालत होते, बूट घालून. रविवार म्हणजे इथे शांततेचा दिवस. ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकणंसुद्धा नाही, टाकल्या की खळकन वाजतात म्हणून. खालच्या मजल्यावर फ्राउ ट्योपफर नावाच्या बाई राहतात, वय सत्याहत्तर. तोवर त्यांच्या चार चिठ्ठ्या माझ्या दारात येऊन पडल्या होत्या. एक बाटल्यांबद्दल, एक जिना पुसायच्या माझ्या पाळीबद्दल, दोन जिन्यात ठेवलेल्या सायकलबद्दल. प्रत्येकीच्या शेवटी ‘मैत्रीपूर्ण शुभेच्छांसह’. मी समजायचे, टोमणा आहे.

त्या दिवशी त्या स्वतः वर आल्या. दार उघडलं तर आधी बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. काय झालं विचारलं. मी सांगितलं. त्या खाली निघून गेल्या. मला वाटलं, चला, तक्रार मागे घेतली एवढं तरी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता टोपी घालून, बगलेत फाइल घेऊन दारात उभ्या. माझ्याबरोबर त्या कार्डाच्या ऑफिसात आल्या. खिडकीवरच्या माणसाला ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, वडील आजारी असताना तीन आठवडे थांबवायचं हे कुठल्या कलमात आहे ते लिहून द्या, सहीसकट. तो आत गेला. बऱ्याच वेळाने आला. अकराव्या दिवशीची तारीख मिळाली. बाहेर पडल्यावर मी त्यांना मिठी मारायला गेले, तर त्यांनी हात पुढे केला. म्हणून हात मिळवला.

नागरिकत्व मला या अकरा दिवसांसाठी हवंय. पुढच्या वेळी कोणाला न विचारता निघता यावं आणि कोणाला न विचारता परत येता यावं. तुम्हाला वाटतं मी जातेय. मला येण्यासाठीच ते पाहिजे. दिवाळीला हे सांगायचं होतं, पण त्यासाठी आधीचं खोटं कबूल करावं लागलं असतं. हिंमत झाली नाही.

आता जे काय रागवायचं ते पूर्ण माहितीनिशी रागवा.

आईला हे पत्र वाचायला द्या.

तुमची,
अक्षया


मयूर विहार
१८ मे २०२५

चि. अक्षयास,
अनेक आशीर्वाद.

उत्तरास उशीर झाला. काही कार्यालयीन, काही इतर कारणे होती.

कार्यालयीन आधी. नाव मागाहून दाखल करण्यास पंधरा वर्षांची मुदत असते, ती उलटून सोळा वर्षे झाली होती. विलंबाचा अर्ज, दोघांचे शपथपत्र, तुझा शाळेचा दाखला, सर्व जोडले. जन्मनोंदणीच्या खिडकीवर पाच वेळा गेलो. तिथला तरुण कारकून म्हणाला, अंकलजी, इतने साल क्या कर रहे थे. मी सांगितले, सरकारी नोकरी. त्याने पुढे विचारले नाही. नवा दाखला मिळाला. रकान्यात ‘अक्षया’ आहे. मी तीनदा तपासले.

मग तू आईला फोनवर कळवलेली ती पडताळणी झाली. कागद खरे आहेत का ते पाहण्यासाठी जर्मन दूतावासाने नेमलेल्या वकीलबाई गेल्या मंगळवारी भर बारा वाजता आल्या, मेट्रो स्टेशनपासून पायी. नाव राधा, वय तुझ्याएवढेच असेल. त्यांनी आधी शेजारी विचारपूस केली. वरच्या मजल्यावरच्या प्रभाताईंनी त्यांना अर्धा तास बसवून तुझ्या नववीतल्या गणिताच्या गुणांपर्यंत सर्व माहिती दिली, नमुन्यात ती मागितलेली नसताना. इस्त्रीवाल्याने सांगितले की लडकी अच्छी थी, फ्रॉक जल्दी माँगती थी.

नंतर आमच्याकडे. आईने पन्हे दिले. वकीलबाईंनी तुझा फोटो समोर ठेवला आणि विचारले, ये आपकी बेटी हैं? फोटो सरकारी होता, दोन्ही कान दिसणारा, तोंड मिटलेला. मला ओळखायला क्षणभर लागला, कारण तुला इतका वेळ तोंड मिटून बसलेली मी पाहिलेली नाही. मी म्हटले, हो. त्यांनी लिहिले. मग विचारले, आखिरी बार बात कब हुई? मी म्हटले, दिवाळीला. त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, क्यों? मी विचारले, हा प्रश्न तुमच्या नमुन्यात आहे का. त्या म्हणाल्या, नाही. मी म्हटले, मग लिहू नका, सांगतो.

सांगायला गेलो आणि मला सांगता येईना. तुझ्या आईने त्यांचा पेला पुन्हा भरला. वकीलबाई म्हणाल्या, अंकल, मेरे पापा भी ऐसे ही हैं. मग त्यांनी माझी सही घेतली. माझी सही त्या दिवशी जरा वेगळी आली, म्हणून त्यांनी दुसरीही घेतली.

आता इतर कारण. तुझे मार्चचे पत्र मी आईला दिले. तिने ते वाचले, पदराने चष्मा पुसला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी दूध आणायला गेलो. दूध घरात होते.

बायपासनंतर शुद्धीवर आल्यापासून मी रोज तुझ्या आईला सांगत होतो की अक्षयाची वाट पाहू नकोस, तिला काम आहे, मीही पाहत नाही. ते खरे नव्हते. मला अतिदक्षतेतून खोलीत आणले तेव्हा मी दाराच्या बाजूची खाट मागून घेतली. परिचारिकेला कारण सांगितले की हवा बरी येते. आपण दोघांनीही एकाच महिन्यात खोटे बोलून एकमेकांची काळजी केली. तुझ्या आईचे म्हणणे आहे की हे तू माझ्याकडूनच उचललेस.

तू निघाली नाहीस याचा राग मला यायला हवा होता. दोन महिने शोधला, सापडला नाही. पासपोर्टासंबंधी दुःख आहे, ते राहील. ते तुझ्यावर नाही.

फ्राउ ट्योपफर यांस माझा नमस्कार सांग. कलम आणि सही मागणे ही योग्य कार्यपद्धती आहे. तुझी आई त्यांच्यासाठी गोडा मसाला पाठवत आहे. काय करायचा ते त्यांना लिहून दे. त्या लेखी सूचना पाळतील.

तुझा,
बाबा


आल्टेनरोडे
७ सप्टेंबर २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

मंजुरी आली. पुढच्या महिन्यात प्रमाणपत्र देतील.

तुमचं मे महिन्याचं पत्र मी अजून कोणाला दाखवलेलं नाही आणि त्याबद्दल लिहिणारही नाही. लिहायला घेतलं तर हे पत्र जाणारच नाही.

मसाला पोचला. फ्राउ ट्योपफरना मी लिहून दिलं, अर्धा चमचा, आमटीत. आमटी म्हणजे काय, हे विचारायला त्या वर आल्या. आता दर गुरुवारी पावणेआठला येतात. इथल्या भागात पावणेआठला ‘तीन चतुर्थांश आठ’ म्हणतात, आपल्या ‘पाऊण’सारखंच, त्यामुळे मी एकदाही चुकले नाही.

एक गोष्ट विचारायची आहे. जर्मन नावात वडिलांचं नाव नसतं. फक्त पाळण्यातलं आणि घराण्याचं. माझ्या पासपोर्टात मधे ‘गुलाबराव’ आहे, तर ते इथे माझंच दुसरं पाळण्यातलं नाव धरतात. दवाखान्यात ‘श्रीयुत गुलाबराव’ म्हणून पुकारतात आणि मी उठले की पुन्हा पुकारतात. कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाईंना तर खात्री आहे की गुलाबराव हे माझे यजमान आहेत आणि कधीच सोबत येत नाहीत. त्यांना माझी दया येते.

नागरिकत्वाच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, आता नागरिक होताना तुम्हाला ते नाव काढून टाकता येईल. पुष्कळ भारतीय काढतात, कागद सोपे होतात. काढलं की कायमचं. ठेवलं की सगळ्या कागदांवर, जन्मभर. १५ सप्टेंबरपर्यंत कळवायचं आहे.

तुम्ही सांगाल तसं करीन असं नाही. पण तुम्हाला न सांगता करायचं नव्हतं.

आईला सा. न.

तुमची,
अक्षया


मयूर विहार
२४ सप्टेंबर २०२५

चि. अक्षयास,
अनेक आशीर्वाद.

तुझे ७ तारखेचे पत्र काल, २३ तारखेस पोचले. तुझी मुदत १५ ला संपली. या वर्षात तुझे एकही पत्र अठरा दिवसांच्या फार आत आलेले नाही, आणि तू पाण्याच्या दाबाचे गणित करणारी बाई आहेस. तेव्हा पत्र मुदतीत पोचणार नाही हे तुला टाकतानाच माहीत होते. म्हणजे तू विचारलेले नाहीस, सांगितले आहेस. ही पद्धत मी नोकरीत अनेकदा वापरली आहे. वरिष्ठांचा मान राहतो आणि निर्णय आपला राहतो.

वेळेत विचारले असतेस तर मी म्हटले असते, काढून टाक. कागद सोपे असावेत असे मी जन्मभर सांगत आलो. ते मी सुवाच्य अक्षरात लिहिले असते. आणि तू खरोखर काढले असतेस तर तुझ्या आईला मी म्हटले असते की मला काही वाटत नाही.

मात्र तू काय उत्तर दिलेस ते तू लिहिलेले नाहीस. मी पत्र दोनदा वाचले, मागची बाजू पाहिली, पाकीट पाहिले. तुझ्या आईला विचारले, तर ती म्हणाली, मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही, तुम्हीच विचारा. प्रभाताईंनाही माहीत असावे असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटते.

पत्राने विचारले तर प्रश्न जायला अठरा दिवस आणि उत्तर यायला अठरा. माझे वय एकोणसत्तर आहे.

तरी येत्या रविवारी, २८ तारखेस, तुमच्या सकाळी नऊ वाजता आणि आमच्या साडेबारा वाजता मी फोन करेन. हे पत्रही तोवर पोचणार नाही, म्हणून तुझी आई याचा फोटो तुला आजच पाठवत आहे. फोन मात्र तुझी आई करणार नाही, मी करेन. तिने नंबर कागदावर काढून दिला आहे आणि देशाच्या आकड्याआधी काय दाबायचे तेही शिकवले आहे. रविवार हा तिथे शांततेचा दिवस आहे, याची मला जाणीव आहे. आवाज हळू ठेवीन. पहिली काही मिनिटे मी बोललो नाही तर लाइन गेली असे समजून फोन ठेवू नकोस.

लोभ आहेच. तो वाढवण्याची विनंती या वेळी माझी.

तुझा,
बाबा